कुठल्या देशाचं इंटरनेट किती मोकळं आहे, हे स्वतः कसं तपासायचं

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने एका फटक्यात २६ प्लॅटफॉर्म बंद केले. फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲप, एक्स, सगळंच. कारण दिलं की या कंपन्यांनी सरकारकडे नोंदणी केली नाही. टिकटॉकने केली होती म्हणून ते चालू राहिलं. ४ तारखेला निर्णय झाला, ८ तारखेला काठमांडूत पोरं रस्त्यावर आली (राग फक्त ॲपचा नव्हता, भ्रष्टाचाराचा आणि नेत्यांच्या पोरांच्या थाटामाटाचाही होता), त्या एका दिवसात १९ जीव गेले, रात्री बंदी उठवली, ९ ला पंतप्रधान ओलींचा राजीनामा, आणि पुढे कोण यावर तरुणांनी डिस्कॉर्डवर, म्हणजे गेम खेळताना गप्पा मारायच्या ॲपवर, चर्चा करून मतदान घेतलं. १२ तारखेला सुशीला कार्कींनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली.

आता हा देश कुठल्या खान्यात टाकायचा? निवडणुका होतात, कोर्ट आहे, पेपरवाले सरकारवर टीका करतात, आणि तरी चार दिवस का होईना, चीनमध्ये जे बंद असतं जवळपास तेच तिथे बंद होतं. म्हणून 'हुकूमशाहीत बंद, लोकशाहीत मोकळं' असं आपण सगळे सहज बोलून जातो ना, त्याने हाताला काही लागत नाही. अडवाअडवी सगळीकडे चालते. बघायचं ते हे, की अडवणारा हात नेमका कुठे आहे, तो लोकांना दिसतो का, आणि त्याच्या विरोधात दाद मागायला कुठे जाता येतं. हे तीन प्रश्न घेऊन कुठल्याही देशाकडे बघता येतं. त्याला कॉम्प्युटर इंजिनिअर असायची गरज नाही, एक मोबाईल, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि एक वही एवढ्यावर भागतं.

आधी विषय धरा, देश नंतर

चीन विरुद्ध अमेरिका असं अख्खा देश अख्ख्या देशासमोर ठेवलं की वाद संपतच नाही, कारण प्रत्येक जण आपल्याला हवं ते उदाहरण काढतो. त्यापेक्षा एकच बारीक विषय घ्या आणि तो चार देशांत शोधा. समजा लहान मुलं आणि स्क्रीन. चीनने सप्टेंबर २०२१ पासून नियम केला की १८ च्या आतल्या मुलांनी ऑनलाइन गेम शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशीच खेळायचे, तेही रात्री ८ ते ९. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील साइटना बघणाऱ्याचं वय तपासावं लागतं, आणि त्याच आठवड्यात तिथे व्हीपीएनची, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून नेट वापरतोय असं भासवणारी ॲप डाउनलोडच्या यादीत वर जाऊन बसली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही, दंड मात्र कंपनीला होतो, मुलाला किंवा आईबापाला नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याचा अश्लील साइटवर वय तपासायचा कायदा सुप्रीम कोर्टाने जून २०२५ मध्ये कायम ठेवला.

काळजी चारही ठिकाणी तीच आहे, घरोघरी तीच आहे. पण वहीत लिहायचं ते हे: वय कोण तपासतं, ओळखपत्राची माहिती कुणाकडे राहते, आणि नियम चुकीचा वाटला तर पालक कुठे बोलू शकतात. चीनमध्ये खातं खऱ्या नावाला जोडलेलं असतं आणि ते नाव सरकारी यंत्रणेशी ताडलं जातं. ब्रिटनमध्ये ते काम खासगी कंपन्या करतात, त्याबद्दल पेपरात रोज भांडण चालू असतं. मला स्वतःला दुसऱ्या पद्धतीतही धोका दिसतो, कारण सेल्फी आणि पासपोर्टचा फोटो कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहणार हे सामान्य माणसाला कळत नाही. पण तिथे भांडण चालू आहे ही गोष्टसुद्धा वहीत यायला हवी.

नळ कुठे दाबलाय ते ओळखा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा सावकाश घेऊ.

तुम्ही ब्राउझरमध्ये साइटचं नाव टाकता तेव्हा आधी फोन डीएनएसला विचारतो की या नावाचा नंबर काय, म्हणजे जुन्या टेलिफोन डिरेक्टरीसारखं. मग त्या नंबराला, म्हणजे आयपी पत्त्याला, जोडणी होते. मग एचटीटीपीएसचं कुलूप लागतं आणि आतला मजकूर कुणाला वाचता येत नाही, पण कुलूप लागण्याआधीच्या पहिल्या हाकेत साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं, त्याला एसएनआय म्हणतात. पत्र पाकिटात बंद, पण पाकिटावरचा पत्ता पोस्टमनला दिसतो, तसं. अडवणारा या तीनपैकी कुठेतरी हात घालतो, आणि कुठे घातला त्यावरून त्या देशाची तयारी किती हे कळतं.

डिरेक्टरीतलं पान फाडणं सगळ्यात स्वस्त. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानने ट्विटर असंच बंद केलं होतं. लोकांनी काय केलं, तर गूगलच्या डिरेक्टरीचा नंबर वापरा म्हणून इस्तंबूलच्या भिंतींवर स्प्रे पेंटने ८.८.८.८ असं लिहून ठेवलं. विचार करा, चौकातल्या भिंतीवर घोषणा नाही, पक्षाचं चिन्ह नाही, नुसता एक आयपी पत्ता, आणि येणारा जाणारा तो बघून मोबाईलच्या सेटिंगमध्ये टाकतोय. मग सरकारने पुढची पायरी गाठली, थेट नंबर अडवले आणि गूगलच्या डीएनएसकडे जाणारी वाटसुद्धा वळवली.

नंबर अडवणं म्हणजे अख्खी बिल्डिंग सील करण्यासारखं आहे, कारण एका नंबरावर शेकडो साइट राहतात. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम पकडायला ॲमेझॉन आणि गूगलचे लाखो, शिखरावर १ कोटी ८० लाखांच्या आसपास आयपी पत्ते अडवले, टेलिग्राम चालूच राहिलं आणि भलत्याच लोकांच्या सेवा बंद पडल्या. जून २०२० मध्ये ती बंदी मागे घेतली. आणि हे फक्त रशियातच होतं असं समजू नका. स्पेनमध्ये २०२५ पासून फुटबॉल लीगने कोर्टाचा आदेश घेऊन, मॅच चालू असताना चोरून प्रक्षेपण करणाऱ्यांचे क्लाउडफ्लेअरचे (असंख्य साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरमधून जातात ती) पत्ते अडवायला लावले, त्यात काहीही संबंध नसलेल्या दुकानदारांच्या साइट मॅचच्या वेळात उघडेनाशा झाल्या. तंत्र तेच, चूक तीच. रशियात ते सरकारच्या सुरक्षेच्या नावाखाली, स्पेनमध्ये टीव्हीच्या हक्कांसाठी. स्पेनमध्ये क्लाउडफ्लेअर कोर्टात गेलं, आधी हरलं, पण गेलं, आणि निकाल सगळ्यांना वाचता येतो.

पाकिटावरचं नाव वाचून अडवणं महाग असतं, त्याला वाटेत यंत्रं बसवावी लागतात. दक्षिण कोरियाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ते सुरू केलं. होय, दक्षिण कोरिया, जिथे लोकांनी राष्ट्राध्यक्षांना घरी पाठवलंय तो देश. जुगार आणि अश्लील साइटसाठी म्हणून सुरू झालं, पण कोण कुठल्या साइटला हाक मारतंय हे वाटेत वाचलं जातं यावर तिथल्या लोकांनी बराच आरडाओरडा केला.

आणि वेग कमी करणं, ही सगळ्यात बेरकी पद्धत, कारण माणूस आपल्याच रेंजला शिव्या देत बसतो. रशियाने मार्च २०२१ मध्ये ट्विटरचा वेग उतरवला, त्यासाठी नियम लावला की ज्या पत्त्यात 'टी डॉट सीओ' येतं ते हळू करा, कारण ट्विटरच्या छोट्या लिंकचा पत्ता तोच आहे. आता मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम इंग्रजीत लिहून बघा. शेवटचं अक्षर टी, मग डॉट, मग सीओ. रेडिट डॉट कॉमचंही तेच. त्यामुळे ज्यांचा ट्विटरशी काही संबंध नाही अशा साइटही रांगायला लागल्या. एवढ्या मोठ्या देशाचं नियंत्रण किती साध्या चुकीवर अडकतं याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

चीन हे सगळं एकत्र वापरतो, खोटी डिरेक्टरी, अडवलेले नंबर, वाचलेली नावं, आणि संशयास्पद वाटलं की मधेच जोडणी तोडणं, म्हणून त्याला भिंत म्हणतात. पण भिंतीलाही रचना आहे. माझा एक मित्र चाकणच्या कंपनीकडून शेन्झेनला सुटे भाग बघायला जातो. त्याचं भारतीय सिम रोमिंगवर असलं की व्हॉट्सॲप चालतं, हॉटेलच्या वायफायला जोडलं की मेसेजवर एक टिकही येत नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं हॉटेलचं नेट खराब आहे. कारण असं की रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीकडे येऊन मग बाहेर पडतो, आणि हॉटेलचं वायफाय चीनच्या वाटेने जातं. एकाच खोलीत, एकाच खाटेवर, दोन देशांचं इंटरनेट.

घरी करून बघा

आता हेच आपल्याकडे. घरचं ब्रॉडबँड एका कंपनीचं आणि मोबाईल दुसऱ्या कंपनीचा असेल तर एखादी साइट उघडत नसताना दोन्हीकडून बघा. 'साइट सापडली नाही' असा एरर आला तर बहुतेक डिरेक्टरीत गडबड आहे. अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, ते बदलून साइट उघडली तर खात्रीच. पान नुसतं फिरत राहिलं आणि शेवटी टाइमआउट झालं तर नंबर अडवलेला असू शकतो. चटकन 'कनेक्शन रीसेट' आलं तर मधे कुणीतरी नाव वाचून तोडलंय अशी शंका घ्या. आणि सरकारी आदेशाने बंद अशी पाटी दिसली तर निदान सांगितलं तरी.

भारतात तुम्हाला गंमत वाटेल इतका फरक दिसेल, एका सिमवर बंद, दुसऱ्यावर चालू. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०२० च्या सुमारास मोठ्या कंपन्यांची तपासणी केली तेव्हा हेच निघालं, की प्रत्येक कंपनीची अडवायची पद्धत वेगळी आणि अडवलेल्या साइटच्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणजे आपल्याकडे एक भिंत नाही, प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने घातलेली कुंपणं आहेत.

दुसऱ्या देशाचं बघायचं असेल तर ऊनी एक्सप्लोरर उघडा. ऊनी हा २०१२ पासूनचा प्रकल्प आहे, जगभरचे लोक आपल्या फोनवर 'ऊनी प्रोब' ॲप चालवतात, ते साइट आणि ॲप उघडून बघतं आणि निकाल सगळ्यांसाठी खुला ठेवतं. देश निवडा, तारीख निवडा, साइटचं नाव टाका. निकालात 'अनॉमली' दिसलं म्हणजे काहीतरी वेगळं घडलं एवढंच, ते बंदीचा पुरावा नाही, 'कन्फर्म्ड' दिसलं तर मात्र बंदीची ओळखीची खूण सापडलेली असते. इथे बरेच जण घसरतात, एक अनॉमली बघून 'अमुक देशाने तमुक बंद केलं' अशी पोस्ट टाकतात आणि दुसऱ्या दिवशी कळतं की साइटच पडली होती. कमीत कमी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर, दोनतीन दिवस तेच दिसतंय का बघा, मग बोला.

आणि एक कळकळीचं सांगणं, परदेशातल्या ओळखीच्या माणसाला 'जरा ॲप टाकून टेस्ट करून दे ना' म्हणू नका. ऊनीवालेच बजावतात की काही देशांत हे चालवणं धोक्याचं ठरू शकतं, आणि हे ॲप वादग्रस्त साइटही उघडून बघतं. आपल्या कुतूहलापायी दुसऱ्याला चौकशीला बसावं लागू नये. आधीच लोकांनी जमवलेला डेटा भरपूर आहे, तो वापरा.

सगळंच बंद झालं की वेगळं दिसतं. जॉर्जिया टेकचं आयोडा, क्लाउडफ्लेअर रडार आणि नेटब्लॉक्स यांचे, कुठे किती नेट चालू आहे ते दाखवणारे आलेख बघा, रेषा चालत चालत एकदम कड्यावरून खाली कोसळते. इजिप्तमध्ये २७-२८ जानेवारी २०११ च्या रात्री असं झालं, हातावर मोजण्याइतक्या कंपन्यांना बंद करायला लावलं आणि देश नकाशावरून गायब. इराणमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोल दरवाढीच्या आंदोलनात जवळपास आठवडाभर. तिथे देशांतर्गत नेटवर्क वेगळं उभं केलंय, त्यामुळे बाहेरचं तोडलं तरी आतल्या बँका आणि सरकारी साइट बऱ्याच अंशी चालू ठेवता येतात. तो आलेख आणि आपला आलेख शेजारी ठेवायची तयारी ठेवा. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये नेट तोडलं आणि फोरजी परत आलं ५ फेब्रुवारी २०२१ ला, दीड वर्षाने. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून महिनोन्महिने. आपल्याकडे बीडमध्ये ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी जाळपोळीनंतर बंद केलं होतं. राजस्थानात २०२१ मध्ये शिक्षक भरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणूनसुद्धा. ॲक्सेस नाउ या संस्थेने २०२४ मध्ये जगभरात २९६ शटडाउन मोजले, त्यात म्यानमार ८५ आणि भारत ८४. म्यानमारमध्ये तेव्हा लष्कराची राजवट होती. हे आकडे वाचून मला वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं, यूपीआयवर दुकान चालवणाऱ्याला, फॉर्मची शेवटची तारीख असलेल्या पोराला याची किंमत मोजावी लागते. पण आकडा म्हणजे फक्त किती वेळा, किती दिवस आणि किती भागात ते वेगळं लिहा, एका तालुक्यातले दोन दिवस आणि अख्ख्या देशातला आठवडा यांची बेरीज करू नका.

कंपनीच्या मानेवरचा हात

साइट चालू आहे म्हणजे मोकळीक आहे असं नाही. व्हिएतनाममध्ये फेसबुक सर्रास चालतं, आपल्यासारखंच लोक त्यावर धंदा करतात. पण २०२० च्या सुरुवातीला तिथल्या दूरसंचार कंपन्यांनी फेसबुकचे स्थानिक सर्व्हर काही आठवडे बंद पाडले, सगळं रखडलं, आणि शेवटी फेसबुकने सरकारविरोधी पोस्ट जास्त प्रमाणात दाबायचं मान्य केलं. रॉयटर्सने ही बातमी फोडली म्हणून कळलं. पाइपवर बंदी शोधत बसला असता तर काहीच सापडलं नसतं.

जर्मनीने २०१७ मध्ये कायदा केला की उघड उघड बेकायदा पोस्ट तक्रार आल्यावर २४ तासांत काढा, नाहीतर दंड ५ कोटी युरोपर्यंत. तिथे नाझी चिन्हं हा गुन्हा आहे, त्यामागे त्यांचा इतिहास आहे. पण दंडाच्या भीतीने कंपनी शंका आली की काढूनच टाकते, ही टीका जर्मनीतच झाली. अमेरिकेत १९९६ च्या कलम २३० मुळे लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनी सहसा जबाबदार धरली जात नाही, म्हणून तिथे काय ठेवायचं काय काढायचं हे मुख्यतः कंपनी ठरवते. अपवाद कॉपीराइटचा, १९९८ च्या कायद्याखाली नोटीस आली की मजकूर पटकन उतरतो, आणि त्याचा गैरवापर करून नको असलेली टीका उतरवणारेही आहेत.

हे तपासायला गूगलचा ट्रान्सपरन्सी रिपोर्ट (कुठल्या सरकारने मजकूर काढायच्या किती विनंत्या केल्या त्याचा हिशोब) आणि हार्वर्डमधला लुमेन डेटाबेस (मजकूर काढायच्या नोटिसांचा साठा) आहे. पण सावध राहा. रिपोर्टमध्ये एखाद्या देशाचा आकडा कमी दिसला म्हणजे तो देश उदार असं अजिबात नाही. चीनमधून गूगलने २०१० मध्ये सर्चचं दुकान हलवलं, तिथे ज्या कंपन्या आहेत त्या स्वतःच माणसं ठेवून आधीच साफ करतात, मग विनंती पाठवणार कुणाला? आणि देशांची गुणांची यादी, म्हणजे फ्रीडम हाउस ही अमेरिकेतली संस्था जे १०० पैकी मार्क देते (२०२४ मध्ये आइसलँड ९४, भारत ५०, चीन ९), ती सुरुवातीला ठीक, पण मार्क कशाचे कापले तो मजकूर खाली असतो, तो वाचल्याशिवाय आकडा फॉरवर्ड करू नका.

माणसाच्या दारावरची थाप

तिसरा हात थेट माणसावर येतो. रशियात मार्च २०२२ पासून सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. चीनच्या वेइबोने, म्हणजे तिथल्या ट्विटरसारख्या ॲपने, एप्रिल २०२२ पासून प्रत्येकाच्या नावाखाली त्याचा प्रांत दाखवायला सुरुवात केली.

आणि आपल्याला फार लांब जायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. लाइक केल्याबद्दल अटक, हे वाचून तेव्हा अंगावर काटा आला होता. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमाला आव्हान मिळालं आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. जगात किती देशांत असं झालं असतं हा प्रश्न विचारा. आणि लगेच दुसराही विचारा, की त्या दोघींनी त्या रात्री जे भोगलं ते निकालाने परत आलं का.

म्हणून दाद मागायची जागा हा प्रश्न नुसता 'कोर्ट आहे का' असा विचारू नका. किती दिवसांत, कोण जाऊ शकतं, आणि आदेश हातात मिळतो का, असं विचारा. तुर्कस्तानात विकिपीडिया २९ एप्रिल २०१७ पासून बंद होता, तिथल्या घटनात्मक कोर्टाने बंदी बेकायदा ठरवली आणि जानेवारी २०२० मध्ये तो उघडला. जिंकले, पण पावणेतीन वर्षांनी. दक्षिण कोरियात खऱ्या नावाची सक्ती कोर्टाने २०१२ मध्ये एकमताने उडवली. आपल्या मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारचं फॅक्ट चेक युनिटचं कलम रद्द केलं, सरकारबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारनेच ठरवायचं असा तो नियम होता. पण २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतला १६ वा नियम सांगतो की बंदीच्या तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायची. साइट बंद का झाली हे साइटच्या मालकालाही नीट कळत नाही, आणि आदेशच हातात नसेल तर कोर्टात काय दाखवायचं? माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात दुखरी जागा हीच आहे.

लोक कसे बोलतात ते ऐका

कायदे वाचून अर्धंच कळतं, उरलेलं लोकांच्या भाषेत असतं. चीनमध्ये सरकार पोस्ट काढली की 'समाजात सुसंवाद राखला' असं म्हणायचं, तर सुसंवाद या शब्दाचा उच्चार नदीतल्या खेकड्यासारखाच, म्हणून लोक म्हणायला लागले, माझी पोस्ट खेकड्याने खाल्ली. ४ जून १९८९, म्हणजे तिआनमेन चौकातल्या हत्याकांडाची तारीख, लिहिता येत नाही म्हणून '३५ मे'. २०१८ मध्ये मी टू मोहीम अडवली तर बायकांनी भाताच्या वाटीचं आणि सशाचं चित्र टाकलं, कारण चिनीत 'मी' म्हणजे तांदूळ आणि 'थू' म्हणजे ससा. मार्च २०२० मध्ये वुहानच्या डॉक्टर आय फेन यांची कोरोनाबद्दलची मुलाखत काढून टाकली तेव्हा लोकांनी तीच मुलाखत इमोजीत, मोर्स कोडमध्ये, शेवटापासून सुरुवातीकडे उलटी लिहून पुन्हा पुन्हा टाकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर निषेध म्हणून कोरा ए-फोर कागदच हातात धरला.

यावरून 'चिनी लोक काही बोलूच शकत नाहीत' असं लिहाल तर तेही चूक. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की नेत्यांवरची टीका बऱ्याचदा राहू दिली जाते, लोक एकत्र जमण्याची शक्यता दिसली की मात्र पोस्ट उडते, मग ती सरकारच्या बाजूची का असेना. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत टिकटॉक बंद होणार म्हणून तिथली पोरं झुंडीने शाओहोंगशू या चिनी ॲपवर गेली, तेव्हा दोन्हीकडचे लोक भाजीचे भाव, दवाखान्याचं बिल, मांजरांचे फोटो यावर बोलत बसले.

आता याच कानाने इंग्रजी टिकटॉक ऐका. मेला म्हणायच्या जागी 'अनअलाइव्ह', सेक्स लिहायच्या जागी 'सेग्स'. तिथे सरकारने सांगितलेलं नाही, अल्गोरिदम व्हिडिओ दाबेल या धास्तीने लोक शब्द बदलतात. मराठी रील्समध्येही आत्महत्या, बलात्कार असे शब्द मधे टिंबं किंवा चांदण्या टाकून लिहिलेले दिसतात. कुठला शब्द लोक घाबरून लिहीत नाहीत, आणि भीती कुणाची, पोलिसांची, कंपनीची की घरच्यांची, हे वहीत लिहा. तुलनेसाठी एवढा प्रामाणिक पुरावा दुसरा नाही.

दोन गफलती राहिल्या. साइट उघडत नाही म्हणजे तुमच्याच सरकारने अडवली असं नसतं. जर्मनीत राहणाऱ्या मराठी लोकांना हा अनुभव येतो, अमेरिकेतल्या काही गावच्या पेपरांच्या साइट युरोपातून उघडतच नाहीत, ४५१ नंबरचा एरर येतो. युरोपचा २०१८ चा डेटा कायदा पाळायची कटकट नको म्हणून त्या पेपरांनीच दार लावलंय. ४५१ चा अर्थ 'कायद्याच्या कारणाने बंद', पण कुणाच्या कायद्याच्या आणि कुणी लावलं ते पानावर वाचायचं. दुसरं व्हीपीएन. त्याने तुलना करता येते, पण नियम देशागणिक वेगळे. भारतात २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून नेले. प्रवासाला जाताना तिथला नियम आधी बघा.

आणि पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्यात नेट बंद झालं तर वहीत हे लिहा: तारीख, किती वाजता गेलं, कुठल्या सिमचं गेलं, ब्रॉडबँड चालू होतं का, कॉल लागत होते का, किती वाजता आलं. एररचा स्क्रीनशॉट काढा. मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा गृह विभागाच्या साइटवर आदेश शोधा, कारण १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सुप्रीम कोर्टाने असे आदेश प्रसिद्ध करायला सांगितलेत. सापडला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, आदेशाची प्रत मागा आणि त्यावर फेरविचार समितीची बैठक कधी झाली तेही विचारा. माझ्या अर्जाला एका कार्यालयातून उत्तर यायला दोन स्मरणपत्रं लागली, पण प्रत आली, आणि तिच्यावर जी वेळ लिहिली होती ती माझ्या वहीतल्या वेळेनंतरची होती.